विज्ञानातला अपठित: आठवीच्या प्रश्नपत्रिकेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या संत्रापट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिथली अनुदानित माध्यमिक शाळा, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. निम्मी मुलं गावातली, निम्मी आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. शाळेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. मी या शाळेचा शिक्षक नव्हतो. अध्यापक महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर मुख्याध्यापिकांच्या विनंतीवरून अधूनमधून तिथे जात होतो, शिक्षकांसोबत बसत होतो, एवढाच माझा संबंध.

सुरुवात संस्थेच्या एका परिपत्रकाने झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टीऐवजी विचार करायला शिकवण्यावर भर आहे, तेव्हा आपल्या सर्व शाळांच्या प्रश्नपत्रिकांतही तो दिसला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्येक चाचणीसोबत संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, जोडायचा. त्यात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि सर्जन या सहा पातळ्यांनुसार गुणांची विभागणी दाखवायची, आणि वरच्या तीन पातळ्यांना मिळून निदान तीस टक्के गुण द्यायचे. सोबत क्रियापदांचा तक्ता होता: ‘नावे लिहा’ म्हणजे स्मरण, ‘स्पष्ट करा’ म्हणजे आकलन, ‘उदाहरण सोडवा’ म्हणजे उपयोजन, ‘कारणे द्या’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ म्हणजे विश्लेषण, ‘मत मांडा’ म्हणजे मूल्यमापन, ‘तयार करा’ म्हणजे सर्जन.

शिक्षक दचकले नाहीत. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही चौकडी बी.एड. झालेल्या प्रत्येकाने पाठ टाचणाच्या एका रकान्यात शेकडो वेळा लिहिलेली असते. बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली अमेरिकेत १९५६ साली बोधात्मक उद्दिष्टांची सहा पातळ्यांची वर्गवारी प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर लवकरच, १९५७-५८ च्या सुमारास, ब्लूम स्वतः परीक्षा सुधारणेचे सल्लागार म्हणून भारतात येऊन गेले. आपल्याकडच्या शिक्षक-प्रशिक्षणात ही भाषा इतकी मुरली, त्यामागे हा इतिहास आहे. अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये वर्गवारी सुधारली. नामांची क्रियापदं झाली, ‘संश्लेषण’ गेलं, ‘सर्जन’ सगळ्यात वर गेलं. परिपत्रकातल्या पातळ्या या सुधारित रूपातल्या होत्या.

एका सत्रात प्रश्नपत्रिकांचं रूप बदललं. तक्ते वेळेवर भरले गेले, टक्केवारी जुळली. पर्यवेक्षकांनी फाईल संस्थेला पाठवली आणि तिथून कौतुकाचं पत्र आलं.

अडचण कुठे दिसली

आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ हा पाठ आहे. त्यावरच्या घटक चाचणीत एक प्रश्न होता: ‘शास्त्रीय कारण द्या. विहिरीतून पाणी शेंदताना भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते, बाहेर येताच जड वाटते.’ तक्त्यात नोंद विश्लेषण, गुण तीन. दोन्ही तुकड्यांत बहुतेकांना पूर्ण गुण पडले.

पेपर तपासणाऱ्या मॅडमना शंका आली ती वेगळ्याच कारणाने. उत्तरं बरोबर होती, पण एकसारखी होती. प्लावक बलाची, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं त्या बलाची, व्याख्या, मग ‘यामुळे’, मग तेच वाक्य, त्याच क्रमाने, आणि एका शब्दातली एकच ऱ्हस्व-दीर्घाची चूक एकापाठोपाठ एक पेपरांत. ती चूक फळ्यावरून उतरवताना झाली होती की एकमेकांच्या वहीतून, ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तोंडी विचारलं, “बादलीऐवजी दोराला दगड बांधून सोडला, तर तो पाण्यात हलका वाटेल का?” वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, दगडाचं नाही लिहून दिलं.”

मुलगा प्रामाणिक होता. बादलीचं लिहून दिलं होतं, दगडाचं नव्हतं. बादलीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: बाहेर आल्यावर बादलीतल्या पाण्याचाही भार हाताला जाणवू लागतो, दगडाला ती भानगड नाही. म्हणजे खरं तर दगडाचा प्रश्न सोपा. तरी तो सुटेना.

मॅडमनी ही गोष्ट शनिवारच्या बैठकीत मांडली तेव्हा मी तिथे होतो. पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच: मुलं अभ्यास करत नाहीत, गाईड वाचतात, मोबाईल बघतात. मुख्याध्यापिकांनी तो सूर वाढू दिला नाही. त्यांनी सगळ्यांना त्याच चाचणीची प्रश्नपत्रिका वाटली आणि तक्ता न बघता, आपसांत न बोलता प्रत्येक प्रश्नासमोर पातळी लिहायला सांगितली.

‘उंटाला वाळवंटात चालणे सोपे जाते, कारण द्या’ या एका प्रश्नावर तीन उत्तरं आली. विज्ञानाचे दुसरे सर म्हणाले उपयोजन, कारण दाबाचं सूत्र उंटाच्या पावलाला लावायचं आहे. मॅडम म्हणाल्या आकलन. इतिहासाच्या सरांनी लिहिलं होतं स्मरण. विज्ञानाच्या सरांनी त्यांना विचारलं, “तुमचा विषय नाही, तुम्ही कशावरून ठरवलं?” ते म्हणाले, “माझी मुलगी आठवीत आहे ना. रात्री मोठ्याने पाठ करते.”

हसू झालं, पण इतर प्रश्नांवरही असाच घोळ निघाला. ‘वस्तुमान आणि वजन यांतील फरक स्पष्ट करा’ क्रियापदांनुसार विश्लेषण. मुलांच्या वहीत मात्र तो दोन रकान्यांचा तयार तक्ता, शेवटची ओळ रिकामी सोडली तर मॅडमच विचारतात, ‘चौथा मुद्दा कुठे?’ उलट, ‘किती’ने सुरू होणारा एक साधासा प्रश्न तक्त्यात स्मरणाखाली गेला होता, पण तो सोडवायला आकृती वाचून कुठलं क्षेत्रफळ धरायचं हे ठरवावं लागत होतं.

कठीणपणा आणि पातळी यांचीही गल्लत होती. सालबाईचा तह कोणत्या साली झाला हे अनेकांना आठवत नाही, म्हणजे प्रश्न कठीण. तरी १७८२ हे उत्तर निव्वळ स्मरणाचं आहे. उलट, काळ्या ओल्या मातीत लोखंडी धावेची बैलगाडी आणि टायरची गाडी यांतली कोणती जास्त रुतेल, हे सांगणं इथल्या मुलांना फार अवघड नाही, आणि कारण स्वतः जोडलं असेल तर ते उपयोजन आहे.

मी त्या दिवशी एकच भर घातली. मूळ वर्गवारीचा जन्म वर्गात शिकवण्यासाठी झाला नव्हता. १९४८ मध्ये बोस्टनला जमलेल्या विद्यापीठांच्या परीक्षकांना आपापसांत प्रश्नांची देवाणघेवाण करायची होती आणि त्यासाठी सगळ्यांना समजेल अशी भाषा हवी होती. त्या पुस्तकात पिरॅमिडचं चित्रही नाही, ते नंतर कुणीतरी काढलं आणि भिंतीभिंतींवर लागलं. पण एक अट त्यात आहे, जी आपल्याकडच्या तक्त्यांतून गळून गेली: एखादा प्रश्न कोणत्या पातळीचा हे सांगायचं, तर परीक्षार्थीने आधी काय शिकलेलं आहे ते माहीत हवं, किंवा गृहीत तरी धरायला हवं. तोच प्रश्न एका वर्गात विश्लेषण आणि शेजारच्या वर्गात पाठांतर असू शकतो. क्रियापदाकडे बघून हे कळणार नाही, ते वर्गात काय घडलं त्यावर ठरतं.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दोन बैठका यावर गेल्या. चार सूचना आल्या, आणि चारही सूचना करणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी होती.

पहिली सूचना पर्यवेक्षकांची: वर्गवारी बरोबर आहे, आपणच ती नीट शिकलो नाही, संस्थेकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण मागू. यावर फार चर्चा झाली नाही. प्रशिक्षणात क्रियापदांचा तक्ताच पुन्हा मिळणार, असं कोणीतरी पुटपुटलं.

दुसरी, बाजारात मिळणारा ‘उच्चस्तरीय’ प्रश्नसंच घ्यावा. तयार प्रश्न, तयार उत्तरं, वेळ वाचेल. पण तोच संच गावातल्या दुकानातही मिळणार, आणि शिकवणीवाले तो मुलांकडून आधीच सोडवून घेणार. म्हणजे परत बादलीचाच प्रकार.

तिसरी सूचना तरुण गणित शिक्षकाची. सहा पातळ्या शिक्षकांनाच वेगळ्या करता येत नाहीत, मग कमी पातळ्यांची दुसरी रचना घेऊ. नॉर्मन वेब यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या त्यांनी फळ्यावर लिहिल्या: आठवून सांगणं, कौशल्य किंवा संकल्पना वापरणं, विचारपूर्वक आखणी करून सोडवणं, आणि दीर्घकाळ चालणारं काम. मग बिग्ज आणि कॉलिस यांची १९८२ ची रचनाही त्यांनी सांगितली. तिचं वैशिष्ट्य असं की ती प्रश्नाला हात न लावता मुलाच्या उत्तराची प्रत लावते: उत्तरात संबंधित मुद्दाच नाही, एक मुद्दा आहे, अनेक सुटे मुद्दे आहेत, मुद्द्यांची एकमेकांशी सांगड घातली आहे, किंवा ती सांगड नव्या परिस्थितीपर्यंत नेली आहे. मला स्वतःला ही रचना आवडते, पण पाठ केलेलं उत्तरही मुद्द्यांची उत्तम सांगड घातलेलं असतं, कारण ती गाईड लिहिणाऱ्याने घातलेली असते. म्हणजे केवळ रचना बदलून अडचण सुटत नव्हती.

चौथी सूचना मराठीच्या ज्येष्ठ मॅडमची, आणि तीही सूचना म्हणून आली नाही. बैठक संपत आली असताना त्या म्हणाल्या, “आमच्याकडे अपठित उतारा असतो. मुलांनी तो आधी वाचलेला नसतो म्हणून तर त्यावरचे प्रश्न आकलनाचे. धड्यावरच्या प्रश्नांना आम्ही आकलन म्हणत नाही, मनातल्या मनात तरी. तुमच्या विज्ञानात अपठित का नाही?”

खोलीतल्या प्रत्येकाने शाळेत असताना अपठित उतारा सोडवला होता. कल्पना समजवायला कुणाची गरजच उरली नाही. भाषेच्या पेपरात ती वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती, पण भाषेचे शिक्षक आणि विज्ञानाचे शिक्षक संविधान तक्ता शेजारी बसून कधी भरत नाहीत, त्यामुळे ती तिकडे पोचली नव्हती.

घेतलेला निर्णय आणि त्यावरची ओढाताण

ठरलं ते असं. संस्थेसाठी सहा पातळ्यांचा तक्ता भरत राहायचा, कारण त्याला इलाज नव्हता. शाळेपुरता मात्र प्रत्येक प्रश्नाला तीनपैकी एक खूण: ‘सांगितलेलं’, म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही वर्गात किंवा पुस्तकात येऊन गेलं, ‘बदललेलं’, म्हणजे कल्पना शिकवलेली, उदाहरण वेगळं, आणि ‘अपठित’, म्हणजे कोणती कल्पना लावायची हेसुद्धा मुलानेच शोधायचं. खूण प्रश्न काढणाऱ्याने एकट्याने करायची नाही. शेजारच्या तुकडीच्या शिक्षकाने विचारायचं, ‘हे वर्गात झालंय का?’ आणि खरं उत्तर द्यायचं.

सुरुवात फक्त आठवीचं विज्ञान आणि सातवीचा इतिहास यांत. दहावीला हात लावायचा नाही. यावर वाद झाला. गणिताच्या शिक्षकाचं म्हणणं, मुलांना खरी गरज तिथेच आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “दहावीच्या पालकांना मी प्रयोग समजावत बसणार नाही.” मला तो निर्णय तेव्हा भित्रा वाटला होता. पुढे जे झालं ते पाहता, आधी एका इयत्तेत हात बसू देणं शहाणपणाचं होतं, असं आता वाटतं.

गुणांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. वीस गुणांच्या चाचणीत अपठिताला किती? विज्ञानाच्या सरांना शून्य हवे होते: न शिकवलेल्याला गुण देणं अन्याय. मॅडमना सहा हवे होते, कारण गुण नसतील तर मुलं प्रश्न वाचणारही नाहीत. चारवर तडजोड झाली, दोन अटींसह. एक, चाचणीत असा प्रश्न येणार हे मुलांना आणि पालकांना आधी सांगायचं. दुसरी, अंतिम उत्तर चुकलं तरी विचार दिसला तर गुण द्यायचे. या दुसऱ्या अटीसाठी बिग्ज-कॉलिसची रचना कामाला आली. एक सुटा मुद्दा, दोन सुटे मुद्दे, मुद्द्यांची सांगड, अशा पायऱ्यांनी गुण लावायचं ठरलं. गणिताच्या शिक्षकाची सूचना अशा रीतीने मागल्या दाराने आत आली.

संत्र्याचा तास

पहिला अपठित प्रश्न चाचणीत न ठेवता वर्गात करून पाहायचं मॅडमनी ठरवलं. मोसम होता आणि संत्री फुकटात मिळत होती. काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी, एक अख्खं संत्रं आणि एक सोललेलं. टाकण्याआधी मुलांनी वहीत भाकीत लिहायचं, कारणासह.

बहुतेकांनी लिहिलं की दोन्ही तरंगतील, आणि सोललेलं जास्त वर तरंगेल, कारण साल काढल्यावर वजन कमी झालं. बागायतदाराच्या घरचा एक मुलगा यावर इतका ठाम होता की तो म्हणाला, “संत्रं डुबतच नसते मॅडम, आम्ही टाक्यात धुतो.” त्याचं निरीक्षण खरंच होतं, ते सालीसकट धुतात.

अख्खं संत्रं तरंगलं. सोललेलं तळाला गेलं. “हे तं डुबलं!”

इथे तास थांबवून कारण सांगून टाकण्याचा मोह कुणालाही होईल. सालीच्या पांढऱ्या भागात हवा असते. साल काढली की वजन थोडं कमी होतं, पण आकारमान त्या मानाने जास्त घटतं, त्यामुळे घनता वाढून पाण्याच्या पुढे जाते. चार वाक्यांत संपतं. मॅडमनी ते सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “वजन कमी झालं हे तुमचं बरोबर आहे. मग अजून काय बदललं?” मुलं बराच वेळ वजनाभोवतीच फिरत राहिली. ‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे सगळ्यांना पाठ होतं, पण त्या भागाकारात आकारमानही बदलू शकतं हे सुचायला वेळ लागला. एका मुलीने साल पाण्यात टाकून पाहू का विचारलं. साल तरंगली. तिथून गाडी रुळावर आली.

मग दुसऱ्या तुकडीत घोटाळा झाला. तिथलं सोललेलं संत्रं बुडलंच नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फोडींच्या मध्ये पोकळी असते, तिथे हवा अडकून राहू शकते. मॅडमना क्षणभर वाटलं की प्रयोग फसला. पण त्याच वेळी एका मुलाने ते संत्रं उचलून फोडी सुट्या केल्या आणि एकेक टाकल्या. काही बुडाल्या, एखादी तरंगली. ‘मधात हवा होती’ हे त्याने स्वतः म्हटलं. त्या दिवशी त्या वर्गात जे झालं त्याला तक्त्यात विश्लेषण म्हणायचं की मूल्यमापन, यावर नंतर शिक्षकखोलीत चर्चा सुरू झाली आणि कुणालाच ती पुढे न्यावीशी वाटली नाही.

इतिहासात काय झालं

सातवीच्या इतिहासात गोष्ट इतकी सरळ गेली नाही. ‘शिवाजी महाराजांनी आरमार का उभारलं’ हा सांगितलेला प्रश्न. सरांनी त्याचा अपठित केला: किनाऱ्याचा एक कोरा नकाशा, त्यावर तीन बेटं, प्रत्येकाचं वर्णन दोन ओळींत. गोड्या पाण्याची सोय, किनाऱ्यापासूनचं अंतर, भोवतालचे खडक. जलदुर्गासाठी जागा निवडा आणि कारण द्या. कल्पना सुंदर होती. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, त्यामागचा विचार मुलांनी स्वतः करून पाहावा असा हेतू.

निम्म्याहून जास्त मुलांनी काहीतरीच लिहिलं. आम्ही पेपर पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं की विचार कमी पडला नव्हता. समुद्र पाहिलेला नव्हता. ओहोटीला खडक उघडे पडतात, चारही बाजूंनी पाणी असूनही प्यायला पाणी नसतं, मोठं जहाज उथळ पाण्यात येऊ शकत नाही, यातलं काही त्यांच्या अनुभवात नव्हतं. एका मुलीने किनाऱ्याला अगदी लागून असलेलं बेट निवडलं होतं, ‘गावातून डबा न्यायला सोपं’ म्हणून. तिच्या परिस्थितीत ते उत्तर तर्कशुद्धच होतं.

हा या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा, आणि तो कुठल्याही पातळ्यांच्या तक्त्यात सापडणार नाही. अपठित प्रश्नात समस्या नवी हवी, पण ज्या जगात ती घडते ते जग मुलाच्या ओळखीचं हवं. नाहीतर चाचणी विचारांची न राहता सामान्य माहितीची होते. २००१ च्या सुधारित वर्गवारीत विचाराच्या प्रक्रियेसोबत ज्ञानाच्या प्रकारांची दुसरी बाजूही आहे: तथ्यं, संकल्पना, पद्धती आणि स्वतःच्या विचाराचं भान. आपल्या तक्त्यांत ही बाजू सहसा वगळली जाते. इथे मुलं तथ्यांपाशी अडली होती आणि सर मूल्यमापन मोजत होते.

पुढच्या चाचणीत सरांनी समुद्र सोडला. गावाजवळच्या टेकडीचा, नाल्याचा आणि जुन्या वाटेचा नकाशा काढला आणि चौकी कुठे बसवाल असं विचारलं. उत्तरं बदलली.

काय झालं

पहिल्या चाचणीत बैलगाडी आणि टायरच्या गाडीवरचा चार गुणांचा अपठित प्रश्न बऱ्याच जणांनी कोरा सोडला, त्यात वर्गातली पहिली येणारी मुलगीही होती. तिचे वडील शाळेत आले. “सिलॅबसबाहेरचा प्रश्न विचारता, मग मार्क कापता.” मुख्याध्यापिकांनी त्यांना आधी पाठवलेली सूचना दाखवली, मग तोच प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला. ते स्वतः शेतकरी. बैलगाडी आणि टायरचं कारण त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, आणि मग म्हणाले, “हे तिला येत नाही?” तक्रार तिथे मिटली, पण सगळ्याच पालकांची अशी मिटली नाही. दोघांनी मुलं दुसऱ्या तुकडीत टाकायची मागणी केली, दोन्ही तुकड्यांत तोच प्रकार आहे हे कळेपर्यंत.

वर्ष संपता संपता कोऱ्या जागा कमी झाल्या. मुलं निदान एक सुटा मुद्दा लिहू लागली. ‘समजा’ने सुरू होणारी वाक्यं उत्तरांत दिसायला लागली, जी आधी नव्हती. चुकीची उत्तरंही वेगवेगळी यायला लागली, आणि तपासायला वेळ जास्त लागू लागला. शिष्यवृत्तीच्या निकालात काही फरक पडला का, असं मला अनेकांनी विचारलं. पडला असं म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. ती परीक्षा बहुपर्यायी, तयारी वेगळी, आणि बसणारी मुलंही निवडक.

सगळ्यात बोलका प्रसंग दुसऱ्या वर्षीचा. नवीन आठवीच्या चाचणीत मॅडमनी संत्र्याचा प्रश्न ठेवला, खुणांच्या वहीत त्याच्यापुढे ‘अपठित’ अशी खूण होतीच. उत्तरं सुरेख आली. दोनतीन पेपर वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं: ‘सालीतील हवेमुळे’, ‘आकारमान त्या मानाने जास्त घटल्यामुळे’, तोच क्रम, तीच वाक्यं. गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या धाकट्या भावंडांकडे आणि शिकवणीत पोचल्या होत्या. संत्रं एका वर्षात वरच्या पायरीवरून तळाला आलं. त्या प्रश्नाचं क्रियापद, शब्द, काहीही बदललं नव्हतं. पर्यवेक्षकांना अखेर पटवण्यात माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा हे पेपर उपयोगी पडले.

त्यानंतर नियम झाला: अपठित प्रश्न एकदा वापरला की त्याच्यापुढे तारीख घालायची आणि त्याला ‘सांगितलेलं’मध्ये टाकायचं. तो वाया जात नाही, पुढच्या वर्षी वर्गात शिकवण्याचं उदाहरण म्हणून चांगला चालतो.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात प्रश्नांऐवजी उत्तरांपासून करायला हवी होती. तक्ते भरून वर्ष निम्मं सरल्यावर पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले. कुठल्याही शाळेत हे काम पहिल्या आठवड्यात, एका प्रश्नाचे वीसेक पेपर घेऊन तासाभरात होतं. वाक्यंच्या वाक्यं सारखी असतील तर पुढे काय मोजायचं ते ठरवायला तेवढं पुरे.

भाषेच्या शिक्षकांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यायला हवं होतं. ‘हा विज्ञानाचा विषय’ असं समजून मराठीच्या मॅडम केवळ हजेरीपुरत्या बसल्या होत्या.

स्मरणाला थोडं हलकं लेखलं गेलं. वरच्या पातळ्यांच्या कौतुकात एकदोन महिने सूत्रं आणि व्याख्या पक्क्या करून घेणं मागे पडलं, आणि त्याचा त्रास संत्र्याच्या तासालाही होऊ शकला असता. तिथे घनतेचं सूत्र पाठ होतं म्हणून तर चर्चा पुढे सरकली. ‘सांगितलेलं’ या रकान्याला गुण कमी करण्याची घाई होऊ नये.

आणि कागदाचा प्रश्न आहेच. शिक्षक आजही दोन तक्ते भरतात, एक संस्थेचा आणि एक स्वतःचा. मुख्याध्यापिकांनी संस्थेला पत्र लिहून सहा पातळ्यांच्या तक्त्यात ‘वर्गात झालंय का’ हा एकच जादा रकाना मागितला. उत्तर आलं की सर्व शाळांचा नमुना एकसारखा असला पाहिजे. दरम्यान विज्ञानाच्या मॅडमची दुसऱ्या शाळेत बदली झाली. खुणांची वही त्या पर्यवेक्षकांकडे देऊन गेल्या, आणि नव्या सरांनी रुजू झाल्यावर पहिल्यांदा मागितलं ते मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांचं बाड.